मास्टर डिफिकल्टीवर वारकरी: स्कायरिममध्ये रोल सांभाळायचा की लेव्हल?

पंचवटीचा_पायीक

नमस्कार मंडळी. गेम स्कायरिम स्पेशल एडिशन, सर्व्हायव्हल मोड (भूक, थंडी, थकवा सोसायचा प्रकार) चालू, डिफिकल्टी मास्टर, म्हणजे सगळ्यात अवघडच्या एक खाली. पात्र इंपीरियल वंशाचं, रोल (म्हणजे निभावायची भूमिका) वारकऱ्याचा. नियम असे: स्वतःच्या हाताने माणूस मारायचा नाही. चोरी नाही. मांस, मासे, दारू नाही. घोडा नाही, घोडागाडी नाही. निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकहून सातपूर, नाशिक, सिन्नर करत पंढरपूरला जाते, तसंच इथे गेममधल्या व्हाइटरन शहरातून रिफ्टनला जायचं तरी पायी.

आत्ता लेव्हल २०. स्किल: रेस्टोरेशन (बरं करायचे मंत्र) ६२, स्पीच (बोलणं, व्यापार) ६६, अल्केमी (औषधं) ५८, अल्टरेशन (संरक्षणाचे मंत्र) ४०, इल्युजन (मनावर चालणारे मंत्र) ३१, स्नीक (लपत जाणं) २४. हेल्थ १३०, मॅजिका (मंत्रांना लागणारी शक्ती) २४०, स्टॅमिना (दम) १२०. पर्क (लेव्हल वाढली की मिळणारी खास कौशल्यं) रेस्टोरेशनमध्ये ६, स्पीचमध्ये ५, अल्केमीत ५, इल्युजनमध्ये फक्त पहिला, आणि २ शिल्लक. सोबत रिव्हरवुडचा तिरंदाज फेंडाल, गेममधलाच सोबती.

साधारण चौदाव्या लेव्हलपर्यंत गाडं नीट चाललं. आता रस्त्यावरचे डाकूसुद्धा दोन घावांत आडवं करतात, आणि बरं करायला वेळच मिळत नाही. तीन प्रश्न आहेत. डिफिकल्टी खाली आणली तर रोलची किंमत कमी होते का? शिल्लक पर्क कुठे लावू? आणि गेमच्या फाइल्समध्ये बदल करून हे सुधारता येईल का?

गोदाकाठ

आधी डिफिकल्टी म्हणजे नेमकं काय बदलतं ते पाहू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

स्कायरिममध्ये डिफिकल्टी हा निव्वळ गुणाकार आहे. अ‍ॅडेप्टवर (ही मूळ पातळी) तुम्ही दिलेलं आणि तुम्हाला झालेलं डॅमेज, दोन्ही १ पट. एक्सपर्टवर तुमचं पाऊण पट, शत्रूचं दीडपट. मास्टरवर तुमचं निम्मं, शत्रूचं दुप्पट. लेजंडरी ही पातळी २०१३ च्या १.९ पॅचमध्ये आली, तिथे तुमचं पाव पट आणि शत्रूचं तिप्पट. समोरासमोर घाव घालत बसणाऱ्या पात्रासाठी मास्टर म्हणजे चौपट अवघड आणि लेजंडरी म्हणजे बारापट. शत्रू जास्त हुशार होत नाही, संख्येने वाढत नाही, नवं काही शिकत नाही.

समजा शत्रूची हेल्थ ३०० आहे आणि तुमचा बाण ३० चा. अ‍ॅडेप्टवर १० बाण, मास्टरवर २०, लेजंडरीवर ४०. त्याच शत्रूवर काम (Calm, शांत करणारा) मंत्र टाका: तिन्ही ठिकाणी एकच मंत्र, तोच परिणाम, तेवढेच सेकंद. डिफिकल्टीचा गुणाकार फक्त डॅमेजला लागतो. शांत करणं, घाबरवणं, लुळं पाडणं, अदृश्य होणं, दबक्या पावलांनी जाणं यांना तो शिवतही नाही. म्हणजे तुमच्या रोलवर मास्टरचा अर्धा नियम, तुमचं डॅमेज निम्मं करणारा, लागूच होत नाही. फक्त दुसरा अर्धा लागतो: मार दुप्पट बसतो. तेव्हा 'मला मार बसलाच नाही पाहिजे' हाच या पात्राचा सगळा डाव.

दुसरं कारण लेव्हलचं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. एखादं स्किल वाढून ज्या आकड्यावर पोचतं तेवढे गुण तुमच्या लेव्हलच्या खात्यात जमा होतात. स्पीच ६० चं ६१ झालं की ६१ गुण. पुढच्या लेव्हलला लागणारे गुण म्हणजे आत्ताची लेव्हल गुणिले २५, अधिक ७५. विसाव्या लेव्हलवर ५७५. आता बेरीज करा: स्पीच ६० पासून ६९ पर्यंत नेलं की ६१ ते ६९ मिळून ५८५ गुण. म्हणजे नुसतं दुकानात माल विकून एक अख्खी लेव्हल वाढली, आणि लढाईत टिकायला मदत झाली शून्य.

तुमचे दिलेले आकडे मांडून पाहिले. इंपीरियलचं रेस्टोरेशन २५ पासून सुरू होतं, तुम्ही सांगितलेली बाकीची स्किल १५ पासून. स्पीचचे २०९१ गुण, अल्केमीचे १५९१, रेस्टोरेशनचे १६२८, अल्टरेशनचे ७००, इल्युजनचे ३७६, स्नीकचे १८०. एकूण ६५६६, म्हणजे बरोबर विसावी लेव्हल. त्यातले ३६८२ नुसत्या बाजारातून आणि खलबत्त्यातून आले. तेवढे वगळले तर पात्र तेराव्या लेव्हलवर असतं. डाकूंच्या पायऱ्या १, ५, ९, १४, १९, २५ अशा आहेत. तेराव्या लेव्हलवर तुमच्यापुढे फार तर ९ चा ठग उभा असता, आता १९ चा प्लंडरर उभा राहतो. चौदानंतर गाडं का अडलं ते इथे दिसतं. तुमचं पात्र कमजोर नाही, त्याची लेव्हल त्याच्या कुवतीच्या पुढे धावली आहे.

मालेगाव_स्टँड

गोदाकाठ यांनी आकडे उत्तम मांडलेत. हा दोष या मालिकेत जुनाच आहे. ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) तो याहून उघडा होता. तिथे ७ मुख्य स्किल निवडायची आणि त्यांत मिळून १० वाढ झाली की लेव्हल. रोलला शोभतात म्हणून बोलणं, व्यापार, औषधं ही मुख्य स्किल घेतली की लेव्हल भराभर चढायची आणि जंगलातले डाकू काचेच्या चिलखतात फिरायला लागायचे. जाणकार खेळाडू मग उलटं करायचे: जे रोज वापरायचं ते मुख्य यादीत घ्यायचंच नाही. स्वतःचा रोल खोटा लिहावा लागणं ही त्या रचनेतली मोठी चूक होती. स्कायरिमने यादी काढली, पण सगळ्या स्किलचे गुण एकाच खात्यात टाकण्याची पद्धत ठेवली.

फॉलआउट: न्यू व्हेगास (२०१०) हा वेगळा गेम याच्या अगदी उलट आहे. तिथे शत्रूंची ताकद बरीचशी जागेला बांधलेली असते. सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्ज गावाहून उत्तरेला थेट व्हेगास दिसतं, पण त्या वाटेवर क्वारी जंक्शनला डेथक्लॉ हे महाभयंकर प्राणी बसलेत. म्हणून नवा खेळाडू दक्षिणेला प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा वळसा घालतो. आपल्याकडे त्र्यंबकला जायला कोणी हरिहरच्या खड्या पायऱ्या चढत नाही, रस्त्याने जातो, तसंच. पण ज्याला त्या पायऱ्याच चढायच्या आहेत त्याला कोणी अडवत नाही.

आणि तिथे बोलणं हे खरं हत्यार आहे. संवादातली अट टक्केवारीवर नसते, ठरावीक आकड्यावर असते: स्पीच ५० मागितलं आणि तुमचं ४८ असेल तर नाही म्हणजे नाही. पण अट समोर लिहिलेली दिसते, आणि एक मासिक वाचलं की ६० सेकंदांसाठी १० गुण वाढतात, कॉम्प्रिहेन्शन पर्क असेल तर २०. शेवटचा सेनापती लेनियस, त्यालासुद्धा स्पीच १०० वर बोलून माघारी पाठवता येतं. बिनशस्त्र रोल त्या गेममध्ये तडीला जातो कारण लेखकांनी त्याच्यासाठी दार ठेवलंय. स्कायरिममध्ये अशी दारं फार कमी आहेत. इथे स्पीच ६६ चा उपयोग मुख्यतः दुकानात. तेव्हा इथला वारकरी जिभेने लढणार नाही, इल्युजननेच.

सातपूर_इल्युजनिस्ट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुमच्याकडे २ पर्क शिल्लक आहेत आणि इल्युजन ३१ आहे, म्हणजे उपाय हाताशी आहे.

काम हा मंत्र मुळात नवव्या लेव्हलपर्यंतच्या माणसांवर आणि प्राण्यांवर ३० सेकंद चालतो. १९ च्या प्लंडररवर तो नुसता वाया जातो, आणि 'इल्युजन कुचकामी आहे' असा समज बहुतेकांचा इथेच होतो. पण झाडाच्या खालच्या तीन फांद्या एकमेकांत मिळवल्या की चित्र बदलतं. अ‍ॅनिमेज (इल्युजन २०) प्राण्यांसाठी मर्यादा ८ ने वाढवतो. हिप्नॉटिक गेझ (इल्युजन ३०) काम-जातीच्या सगळ्या मंत्रांची मर्यादा आणखी ८ ने वाढवतो. किंड्रेड मेज (इल्युजन ४०, आधी अ‍ॅनिमेज हवा) माणसांसाठी १० ने. हे सगळे एकमेकांत मिळवले जातात.

आजच्या आज अ‍ॅनिमेज आणि हिप्नॉटिक गेझ घ्या. लगेच माणसांसाठी मर्यादा १७ आणि प्राण्यांसाठी २५. लांडगे, अस्वलं, बर्फातली वाघरं यांचा प्रश्न बराचसा मिटला. मग इल्युजन ३१ वरून ४० वर न्या. त्यासाठी मफल हा पावलांचा आवाज दाबणारा मंत्र: कोणावर टाकावा लागत नाही, चालता चालता स्वतःवर टाकत राहायचं. मंत्र नसेल तर विंटरहोल्डच्या कॉलेजात ड्रेव्हिस नेलोरेनकडे मिळतो.

३२ ते ४० ची बेरीज ३२४ गुण. गोदाकाठ यांच्या हिशोबाप्रमाणे तुमचे विसाव्या लेव्हलमधले ३९१ गुण आधीच जमा आहेत, म्हणजे पुढच्या लेव्हलला १८४ कमी. इल्युजन ३७ वर पोचलं की लेव्हल २१, एक पर्क हातात, आणि ४० ला किंड्रेड मेज. माणसांसाठी मर्यादा ९ अधिक ८ अधिक १०, म्हणजे २७. साध्या डाकूंची सगळ्यात वरची पायरी, मरॉडर, २५ ची. म्हणजे रस्त्यावरचा कुठलाही साधा डाकू यापुढे कायमचा तुमच्या मंत्राच्या आत. त्यांचा सरदार मात्र सगळ्यात वरच्या पायरीवर २८ चा असतो, तो एका लेव्हलने निसटतो. त्याच्यासाठी दोन्ही हातांनी मंत्र टाकायचा पर्क घ्या (इल्युजन २०). जोर २.२ पट होतो, मॅजिका मात्र २.८ पट जाते. दर वेळी परवडत नाही, सरदारासाठी राखून ठेवा. अ‍ॅप्रेंटिस इल्युजन (२५) घेतला की कामचा खर्च निम्मा होतो, तोही पुढच्या दोन लेव्हलांत हवाच.

आता यात काय बिघडतं ते. एक, सर्व्हायव्हल मोडमध्ये अंथरुणात झोपल्याशिवाय लेव्हल वाढत नाही. वाटेत मफल टाकून ३७ गाठलं तरी पर्क मिळेल तो मुक्कामीच. दोन, शांत केलेल्या माणसाला घाव बसला की शांती मोडते. फेंडालचा एक बाण लागला की ३० सेकंद पाण्यात. म्हणून टोळी दिसली की आधी फेंडालला मागे थांबायला सांगा, मग पुढे व्हा. तीन, ड्रॉगर आणि व्हॅम्पायर हे मृतांत मोडतात. त्यांच्यावर काम चालत नाही, त्यासाठी मास्टर ऑफ द माइंड लागतो आणि तो इल्युजन ९० ला. तोवर नॉर्डिक थडगी टाळा, किंवा रेस्टोरेशनमधले मृतांना पळवून लावणारे मंत्र जवळ ठेवा. तुमचं रेस्टोरेशन ६२ आहे, ७० ला नेक्रोमेज पर्क मिळतो आणि मृतांवरचे सगळे मंत्र जास्त जोराने चालतात. चार, ड्रॅगनवर यातलं काहीच चालत नाही.

ड्रॅगनवरून एक गोष्ट. व्हाइटरनचा जादूगार फारेनगार, त्याला ड्रॅगनस्टोन (मुख्य कथेतली थडग्यातली शिळा) अजून दिला नसेल तर देऊ नका. तिथून 'ड्रॅगन रायझिंग' ही क्वेस्ट (कामगिरी) सुरू होते आणि त्याआधी रानात ड्रॅगन हिंडतच नाहीत. वारकरी ड्रॅगनबॉर्न (मुख्य कथेचा नायक) असायलाच हवा असं कुठे आहे?

ब्रह्मगिरी_पायवाट

मी थोडं वेगळं म्हणेन. सातपूरकरांची मांडणी बिनचूक आहे, पण मास्टर का धरून बसायचं? गोदाकाठ म्हणाले तसा तो गुणाकार आहे. गुणाकारात रोल नाही. अवघडपणा व्रतातून यायला हवा आणि सर्व्हायव्हल मोड तो देतो. अ‍ॅडेप्टवर आणा आणि व्रत कडक करा.

कसं ते सांगतो. सर्व्हायव्हलमध्ये तीन गोष्टी तीन पट्ट्या खातात. थंडी कमाल हेल्थ कमी करते, भूक कमाल स्टॅमिना, आणि थकवा कमाल मॅजिका. आता तुमच्या पात्राकडे बघा. स्टॅमिना तुम्हाला पळण्यापुरता लागतो. म्हणजे एकादशीचा उपास या पात्राला फारसा बाधत नाही. जागर मात्र बाधतो. रात्रभर झोप नाही तर मॅजिका आटते, आणि मॅजिका आटली की काम मंत्र टाकायला उरत नाही. दर १५ दिवसांनी एक दिवस उपास आणि एक रात्र जागर ठरवलं, तर द्वादशीच्या सकाळी तुमचा वारकरी खरोखर दुबळा असेल. त्या दिवशी कोणत्या रस्त्याने जायचं, जायचं की गावातच थांबायचं, हा निर्णय खराखुरा होतो. मास्टरवरचा डाकू दोन घावांत मारतो की चार, यातून असा निर्णय कधी निघत नाही.

जेवणाचंही असंच. या मोडमध्ये हेल्थ आपोआप भरत नाही, म्हणून व्हेजिटेबल सूप सोन्यासारखं. एक कोबी, एक बटाटा, एक टोमॅटो, एक लीक. ७२० सेकंद दर सेकंदाला १ हेल्थ आणि १ स्टॅमिना. पण लीक हा कांद्याचाच भाऊबंद. माळकरी असाल आणि कांदा-लसूण वर्ज्य असेल तर हे सूप बाद. मग अ‍ॅपल कॅबेज स्ट्यू: एक कोबी, एक लाल सफरचंद, एक मीठ. १० हेल्थ, १५ स्टॅमिना, तेही एकदाच. इथे व्रताची किंमत आकड्यात मोजता येते: ७२० हेल्थऐवजी १०. हा खरा अवघडपणा, आणि तो तुम्ही निवडलेला.

आणि फेंडालबद्दल बोलायला हवं. सोबत्याच्या घावाला डिफिकल्टीचा गुणाकार लागत नाही. मास्टरवर तुमचं डॅमेज निम्मं होतं, त्याचं पूर्ण राहतं. म्हणून वरच्या डिफिकल्टीवर बरेच जण सोबत्याला पुढे घालतात. आकड्यांत हे अगदी बरोबर आहे. पण स्वतःच्या हाताने मारायचं नाही आणि शेजारच्याच्या हाताने मारवायचं, हे व्रत मला पटत नाही. त्याला घरी पाठवा.

गोदाकाठ

ब्रह्मगिरी, जागराचा मुद्दा फार नेमका आहे, तो मला सुचला नव्हता. पण फेंडालच्या बाबतीत अडचण अशी की इल्युजन ४० होईपर्यंत पात्राला आधार हवाच. मधला मार्ग: फेंडाल ठेवा, पण त्याला बरं करणं हेच तुमचं काम ठेवा. हीलिंग हँड्सने समोरच्याला सेकंदाला १० हेल्थ मिळते आणि तुमचं रेस्टोरेशनही वाढतं. सोबती शत्रूच्या घावाने सहसा मरत नाही, गुडघ्यावर बसतो. किंड्रेड मेज मिळाला की निरोप द्या.

मास्टर सोडावा याला मात्र माझा विरोध आहे. अ‍ॅडेप्टवर १३० हेल्थचं पात्र चार-पाच घाव सोसतं. म्हणजे मंत्र चुकला तरी सावरता येतं, आणि मग खेळाडू बेफिकीर होतो. दोन घावांत मरणाऱ्या पात्राला वळणावर थांबून आधी बघावंच लागतं. ज्याच्या हाती शस्त्र नाही त्याने तसंच चालायला हवं. मास्टरचा जो अर्धा भाग तुम्हाला लागू होतो तो रोलला पोषकच आहे.

एक इशारा: जागेची लेव्हल तुम्ही तिथे पहिल्यांदा शिरता तेव्हा ठरते. कमी लेव्हलवर असताना गुहेत डोकावून परत आलं की ती जागा कायमची सोपी राहते असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल. सल्ला खरा आहे, पण वारकऱ्याला त्या गुहेत काय काम, याचं उत्तर असेल तरच शिरा.

कॉलेजरोड_मॉडर

तिसऱ्या प्रश्नासाठी. दोन बदल सुचवतो, दोन्ही लहान आहेत.

पहिला: स्पीच आणि अल्केमीचे गुण लेव्हलच्या खात्यात कमी जातील असं करणं. स्किल अनकॅपर हा मॉड (खेळाडूंनी बनवलेली गेमची जोड) यासाठी आहे. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक स्किलचा लेव्हलमधला वाटा वेगळा लिहिता येतो. स्पीच आणि अल्केमी ०.५ करा, बाकी १ ठेवा. शून्य करू नका, नाहीतर बाजारात घालवलेल्या वेळाचं एकही पर्क मिळणार नाही. हा मॉड स्क्रिप्ट एक्स्टेंडर या पूरक प्रोग्रॅमवर चालतो, आणि एक्स्टेंडरची आवृत्ती गेमच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. स्टीमने गेम अपडेट केला की दुसऱ्या दिवशी काहीच चालत नाही. त्यामुळे अपडेट 'गेम सुरू करतानाच' यावर ठेवा आणि गेम नेहमी एक्स्टेंडरच्या फाइलवरून सुरू करा. मागच्या लेव्हल परत जाणार नाहीत, फरक पुढच्या गुणांना पडेल.

दुसरा: डिफिकल्टीचा गुणाकार स्वतः लिहिणं. एसएसई-एडिट या गेमच्या फाइल्स बदलायच्या साधनात नवं प्लगइन (बदलांची छोटी फाइल) करा, मुख्य फाइलच्या गेम सेटिंग गटात डिफिकल्टीच्या १२ नोंदी सापडतील: सहा पातळ्या, प्रत्येकीला 'खेळाडूकडून' आणि 'खेळाडूला' अशा दोन. मास्टरच्या दोन नोंदी नव्या प्लगइनमध्ये कॉपी करा. 'खेळाडूला' २ तशीच ठेवा, 'खेळाडूकडून' ०.५ ची १ करा. गोदाकाठ म्हणतात ते दोन घावांचं भय राहतं, पण उद्या शस्त्रधारी पात्र घेतलंत तर शत्रू बाणांच्या पोत्यासारखा उभा राहणार नाही. प्लगइनला हलक्या फाइलची खूण लावा म्हणजे २५४ च्या मर्यादेत धरलं जात नाही. दुसऱ्या कुठल्या मॉडने याच नोंदी बदलल्या असतील तर लोड ऑर्डरमध्ये (फाइल्स वाचल्या जाण्याच्या क्रमात) जो शेवटी येतो त्याचे आकडे लागू होतात. आकडे लागू झाले नाहीत असं वाटलं तर नव्वद टक्के वेळा हेच कारण असतं.

कन्सोलमधूनही (गेममधल्या आज्ञा लिहायच्या खिडकीतूनही) हे आकडे बदलता येतात, पण गेम बंद केला की पुसले जातात. आधी कन्सोलमध्ये आकडा टाकून एक संध्याकाळ खेळून बघा, जमला तर प्लगइनमध्ये लिहा. आणि मॉड लावले की स्पेशल एडिशनमध्ये अचिव्हमेंट बंद होतात, हे लक्षात ठेवा.

पंचवटीचा_पायीक

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं: मास्टर ठेवतो. अ‍ॅनिमेज आणि हिप्नॉटिक गेझ आज घेतले. फेंडाल किंड्रेड मेजपर्यंत, नंतर निरोप. एकादशीला उपास आणि जागर दोन्ही. स्पीच, अल्केमी ०.५. ड्रॅगनस्टोन अजून थडग्यातच आहे, तिथे जाणारही नाही. लीकचा मुद्दा मान्य, सूप बंद.

आता एकच: व्रताला धरून करता येतील अशा क्वेस्ट कोणत्या? मारामारीशिवाय पूर्ण होणाऱ्या.

मालेगाव_स्टँड

रिफ्टनला पोचलात की माराच्या मंदिरात 'द बुक ऑफ लव्ह' घ्या. दुरावलेली माणसं जोडायची कामं आहेत, हत्यार लागत नाही, आणि शेवटी १५ टक्के मॅजिक रेझिस्टन्स कायमचा मिळतो. हेल्थ १३० असलेल्या पात्राला तो फार मोलाचा.

व्हाइटरनला कायनारेथच्या मंदिरातली 'ब्लेसिंग्ज ऑफ नेचर' पण छान आहे. मॉरिस जाँड्रेल नावाचा यात्रेकरू तुमच्याबरोबर यायला मागतो, त्याला नक्की न्या. तो बरोबर असला की एल्डरग्लीमच्या झाडाला इजा न करता रोप मिळतं आणि स्प्रिगन (झाडांचे रक्षक) अंगावर येत नाहीत. अडचण आधी आहे: नेटलबेन ही सुरी ऑर्फन रॉकवरच्या हॅगरेव्हन या चेटकिणीकडे असते आणि ती मागून देत नाही. ही क्वेस्ट फेंडाल असेपर्यंत करायची की सोडून द्यायची, ते तुमच्या व्रतावर.

सातपूर_इल्युजनिस्ट

आणि हाय ह्रोथगार या डोंगरावरच्या मठाच्या सात हजार पायऱ्या. वर जायला ड्रॅगनबॉर्न असावं लागत नाही, मठाचं दार बंद असलं तरी वाट खुली आहे. पायऱ्यांच्या कडेने १० शिलालेख आहेत, ते खालून वर क्रमाने सगळे वाचले की 'व्हॉइस ऑफ द स्काय' मिळतो: २४ तास जनावरं हल्ला करत नाहीत आणि पळूनही जात नाहीत.

वाटेत अरुंद जागी एक फ्रॉस्ट ट्रोल हमखास असतो. तिथे पोचायच्या आधी मॅजिका पूर्ण भरलेली असू द्या, म्हणजे पायथ्याच्या इव्हारस्टेडला रात्री पूर्ण झोप घेऊनच निघा. जागराच्या दुसऱ्या दिवशी ही चढाई करू नका. थंडी कमाल हेल्थ खाईल, म्हणून दिवसा चढा, हातात मशाल ठेवा, आणि स्ट्यूच्या पाच-सहा वाट्या बरोबर घ्या.

पंचवटीचा_पायीक

मशाल हातात असेल तर दोन्ही हातांनी काम कसा टाकायचा?

सातपूर_इल्युजनिस्ट

नाही टाकता येत. ट्रोलच्या वळणाआधी मशाल बाजूला ठेवा, मंत्र टाका, वळण ओलांडा, मग परत पेटवा. मशाल आणि काम दोन्ही फेव्हरिट्समध्ये लावून आकड्याची बटणं द्या, म्हणजे मेनू उघडावा लागणार नाही.